मोदिका (सिसिली): अडीचशे पायऱ्या, दाणेदार चॉकलेट आणि एक करंजी

पायपीट

सिसिली म्हटलं की एत्ना, ताओर्मिना, पालेर्मो. आपल्याकडचे बहुतेक जण ही तीन नावं उरकतात आणि परततात. आम्ही तिघं (मी, नवरा आणि माझी आई, वय ६८, शुद्ध शाकाहारी) मे महिन्यात दहा दिवस तिकडे होतो आणि त्यातले चार दिवस एकट्या मोदिकात काढले. परत आल्यावर ज्याने त्याने विचारलं, "एवढं काय आहे तिथे?" प्रत्येकाला फोनवर सांगून दमले, म्हणून हा धागा.

मोदिका आहे बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, रागूझा जिल्ह्यात. गाव दरीत वसलेलं आहे. दोन बाजूंनी दोन ओढे येऊन मिळत, त्या संगमावर खालचं गाव (मोदिका बास्सा) आणि डोंगरावर वरचं गाव (मोदिका आल्ता). आज खालच्या गावात कोर्सो उंबेर्तो नावाचा मोठा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना दुकानं, कॉफीचे बार, चर्च. हा रस्ता म्हणजे मुळात नदीचं पात्र. १९०२ साली मोठा पूर आला, बरीच माणसं गेली, त्यानंतर ओढ्यांवर छत घालून रस्ता केला. हे कळल्यावर त्या रस्त्याची वळणं एकदम समजतात. माणसाने आखलेला रस्ता असा चालत नाही.

आम्ही कतानियाच्या विमानतळावरून बसने गेलो, साधारण दोन तास. वाटेत कमरेएवढे दगडी बांध, एकावर एक नुसते रचलेले, चुना-माती काही नाही. मधूनमधून गर्द गोल झाडं. ती कॅरोबची. त्याच्या शेंगांतल्या बिया पूर्वी वजनाला वापरत आणि सोन्या-हिऱ्याचा 'कॅरट' त्यावरूनच आला. आपल्या गुंजेचीच गोष्ट.

उतरलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळी शटरं खाली. फरसबंदीवर आमच्या बॅगांच्या चाकांचा तेवढा खडखडाट. आई हळूच म्हणाली, "अगं, गावात कोणी गेलंय का?" कोणी गेलं नव्हतं, गाव जेवून आडवं झालं होतं. एक ते चार-साडेचार हा तिथला नियम आहे. पुणेकर म्हणून मला अपमान वाटायला नको होता, तरी वाटला.

खोली मिळाली ती चढावर, दोन चर्चच्या मधल्या बोळात. पुढची खोली बांधलेली आणि मागची डोंगरात कोरलेली. पलंगाच्या उशाशी हात लावला तर गार, किंचित ओलसर खडक. गावात अशी घरं पुष्कळ आहेत. मागे गुहा, पुढे दर्शनी भिंत. रात्री पंखा लागला नाही. पण आईचे गुडघे सकाळी धरले, हेही सांगून ठेवते.

बघायचं काय? सान जॉर्जोचं चर्च. खालच्या रस्त्यापासून दारापर्यंत सुमारे अडीचशे पायऱ्या, टप्प्याटप्प्याने, मध्ये बागा. आईने खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "जेजुरीच की!" चर्चची दर्शनी बाजू सपाट नाही, मधोमध पुढे फुगलेली आहे, मोठा श्वास घेऊन धरून ठेवल्यासारखी. दगड तिथलाच, चुनखडीचा. सकाळी तो साय असल्यासारखा दिसतो आणि संध्याकाळी सहानंतर मधासारखा होतो. आत जमिनीवर एक तिरकी पट्टी आखलेली आहे, १८९५ सालची. भर माध्यान्हीला वरच्या भोकातून उन्हाचा कवडसा त्या पट्टीवर येतो. आम्ही मुद्दाम बाराच्या सुमारास गेलो. उन्हाळी वेळेमुळे सूर्याचे बारा घड्याळात एकच्या आसपास वाजतात हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. तासभर बसलो. कवडसा रुपयाएवढा होता आणि बघता बघता सरकत होता. खरंच डोळ्यांना कळेल इतका सरकत होता.

खालच्या रस्त्यावर सान पिएत्रोचं चर्च आहे, त्याच्या पायऱ्यांवर दोन्ही अंगांना बारा शिष्यांचे पुतळे. सान जॉर्जोवाले आणि सान पिएत्रोवाले यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं. कोणतं चर्च मोठं, मान कोणाचा पहिला. आपल्याकडे मानाच्या गणपतींवरून काय होतं ते आठवा, म्हणजे समजावून सांगायला नको.

आता चॉकलेट.

मोदिकाचं चॉकलेट गुळगुळीत नसतं. कोकोचा लगदा साधारण चाळीस अंशांपर्यंतच गरम करतात, त्यात साखर घालतात. एवढ्या उष्णतेत साखर विरघळत नाही, दाणा तसाच राहतो. वरून कोकोचं लोणी घालत नाहीत, दूध नाही, तासन्‌तास घोटणं नाही. पत्र्याच्या साच्यात भरून साचे टेबलावर दणादणा आपटतात, म्हणजे हवा निघते आणि वरचा भाग सपाट होतो. चव दालचिनीची किंवा व्हॅनिलाची, मिरचीचंही मिळतं. ही रीत मेक्सिकोतून स्पेनमध्ये आणि स्पेनमधून इथे आली असं सांगतात. सिसिली तेव्हा स्पेनच्या ताब्यात होती आणि मोदिकाच्या सरदारांची जहागीर भलतीच मोठी होती. २०१८ मध्ये याला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं.

गावातलं सर्वांत जुनं दुकान बोनायुतो, १८८० पासूनचं, कोर्सोवरून आत एका बोळात आहे. पूर्वी कोको ज्यावर वाटत तो दगडही गावात पाहायला मिळाला. काळा दगड, मधे खोलगट, खाली पाय, बरोबर लाटण्यासारखा दगडी वरवंटा. आई गुडघे टेकून बसली आणि वरवंटा कसा धरायचा ते नवऱ्याला दाखवू लागली. मनगट आत, भार खांद्यातून. तिथली मुलगी बघत राहिली. तिला इंग्रजी बेताचं, आईला इटालियन शून्य, पण वाटण्याबद्दल दोघींचं एकमत झालं.

पहिला तुकडा तोंडात टाकून नवरा म्हणाला, "साखर नीट विरघळली नाहीये." मी म्हटलं तेच तर. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून दालचिनीवालं मागायला लागला.

आणि करंजी. एका मिठाईच्या दुकानात काचेमागे अर्धचंद्राकृती, कडा दाबलेल्या, वर पिठीसाखर. आईचा चेहरा उजळला. "बघ, करंजी!" बोट दाखवून दोन घेतल्यासुद्धा. मी पैसे देत होते आणि तिने एक तोंडापर्यंत नेली होती, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी तिचं मनगट धरलं. आईच्या कपाळावरची टिकली, साडी, काय बघून त्यांना कळलं देव जाणे. "कार्ने," म्हणाल्या. मांस. मग दोन बोटं कपाळाला लावून शिंगं करून दाखवली.

त्याला 'म्पानातिग्गी म्हणतात. आत बदाम, चॉकलेट, दालचिनी, लवंग आणि गाईच्या मांसाचा बारीक खिमा. उपासाच्या दिवसांत मांस लपवून खाता यावं म्हणून नन्सनी ही युक्ती काढली अशी दंतकथा आहे. आईने ती करंजी कागदावर परत ठेवली, आजीबाईंना नमस्कार केला आणि पुढचे चार दिवस प्रत्येक पदार्थाला "कार्ने?" विचारल्याशिवाय हात लावला नाही. तिचा तो एक इटालियन शब्द उत्तम आहे.

बाकी प्रश्न विचारा, सुचेल तसं सांगते.

अंबाडी

वाचनखूण साठवली आहे. आजीबाईंनी केलेली शिंगं डोळ्यांसमोर आली. फोटो कुठेत?

पायपीट

फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये आहेत आणि तो ते "निवडतोय". दिवाळीपर्यंत येतील.

खादाडखाऊ

सुंदर लिहिलंय ताई. नेमका प्रश्न असा की शाकाहारी माणसाचं तिथे चालतं का? आम्ही सप्टेंबरात जायचं म्हणतोय, सोबत बाबा आहेत. ते कांदा-लसूण खातात, पण अंडं नाही.

पायपीट

चालतं, पण डोळे उघडे ठेवून. मला माहीत असलेले खड्डे सांगते.

एक, चरबी. 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी. ती पीठ मळताना मोहन म्हणून घालतात आणि ती दिसत नाही. कान्नोलीच्या कुरकुरीत नळीत हमखास असते. आतलं रिकोत्ताचं (ताजं मऊ चीज) सारण अप्रतिम, पण नळीचं विचारा. आई दुसऱ्या दिवशीपासून नुसतं सारण वाटीत मागायची आणि दुकानदार कीव येऊन जास्त द्यायचा. (चीजमध्येही बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दुधाचं विरजण, असतं. बाबा त्या बाबतीत काटेकोर असतील तर ते आधीच ठरवून घ्या.)

दोन, अरांचिनो. हा तळलेला भाताचा गोळा, आपल्या बटाटेवड्याच्या थाटात. खिम्याचा टाळून माणूस 'अल बुर्रो' म्हणजे लोण्याचा मागतो आणि फसतो, कारण लोण्याच्या अरांचिनोत बहुतेकदा हॅमचे तुकडे असतात. पालकाचा किंवा वांग्याचा मिळतो, तो घ्या.

आता आनंदाच्या गोष्टी. स्काच्चा. पोळीपेक्षा पातळ लाटलेली कणीक, त्यावर टोमॅटोचा आटवलेला रस आणि काचोकावाल्लो चीज, मग आळूवडीच्या घडीसारखी घडीवर घडी घालून भट्टीत भाजतात. कापल्यावर आत पानं पानं दिसतात. गरम देत नाहीत, कोमटच खायची. टोमॅटो-कांद्याची, रिकोत्ताची, वांग्याची अशी मिळते. आम्ही दोन दुपारी तेवढ्यावरच काढल्या. काही ठिकाणी याच्याही पिठात स्त्रुत्तो असतो, तेव्हा विचारा.

पास्ता आल्ला नोर्मा. तळलेली वांगी, टोमॅटो, तुळस, वर किसलेला खारवलेला रिकोत्ता. पदार्थ कतानियाचा, पण मिळतो सगळीकडे. पास्ता सुका मागा, ताज्या पास्त्यात अंडं असू शकतं.

आणि माक्कू. वाळवलेल्या फावा शेंगांचे दाणे शिजवून शिजवून घोटतात, वर ऑलिव्हचं तेल आणि रानबडीशेप. दिसायला पिठलं, चवीला वालाच्या जवळचं. मोदिकाची स्वतःची फावा आहे, 'कोत्तोया', म्हणजे चटकन शिजणारी. आईने अर्धा किलो विकत आणली, रात्रभर भिजवून सोलून त्याचं बिरडं केलं. ओलं खोबरं, कोकम, सगळं. सोलताना बोटं दुखली म्हणाली, पण बिरडं संपलं.

भातुकली

मी गेली बारा वर्षं मिलानजवळ राहते. सिसिलीच्या लोकांसमोर अरांचिनो हा शब्द जपून वापरा. पूर्वेकडे, कतानिया, मोदिका इकडे 'तो अरांचिनो', टोकदार, एत्ना ज्वालामुखीच्या आकाराचा. पश्चिमेला पालेर्मोत 'ती अरांचिना', गोल संत्र्यासारखी. यावरून चांगली शिकलेली माणसं हमरीतुमरीवर येतात. माझ्या ऑफिसात एक कतानियाचा आणि एक पालेर्मोची आहे, दोघांना एका टेबलावर बसवत नाही. आपल्याकडे चहा 'तो' की 'ती' हा वाद त्यापुढे काहीच नाही.

पायपीट, नाश्त्याचं लिहायचं राहिलं का? ग्रानिता आणि ब्रिओश?

पायपीट

अगं हो! राहिलंच. सकाळी कॉफीच्या बारवर सगळं गाव बर्फ खात उभं. ग्रानिता म्हणजे आपला गोळा नव्हे, बर्फ किसलेला नसतो, रस गोठवता गोठवता ढवळत राहतात म्हणून रवाळ मऊ होतो. बदामाची सर्वांत चांगली. आणि त्यासोबत गरम गोड पाव, ब्रिओश. त्याच्या डोक्यावर छोटा गोळा असतो, त्याला तिकडे 'तुप्पो' म्हणतात, म्हणजे अंबाडा. आधी अंबाडा तोडायचा, तो ग्रानितात बुडवायचा, मग बाकीचा पाव. पहिल्या दिवशी मी सरळ खालून चावा घेतला. काउंटरमागच्या गृहस्थांनी कॉफीचं यंत्र थांबवून मला दुसरा ब्रिओश दिला आणि स्वतः करून दाखवलं. (खादाडखाऊ, पिठात अंडं असतं, बाबांसाठी नुसती ग्रानिता.)

बंडू_बारामतीकर

पालेर्मोला गेलात तर पानेल्ले खा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवून थापतात, वड्या पाडून तळतात, पावात घालून देतात, वरून लिंबू. म्हणजे पाटवडी तळून पावात! मी चार खाल्ले आणि पाचव्याला खिशातून लसणाची चटणी काढली. शेजारचा माणूस चटणी मागून घेऊन गेला.

तेरणाकाठ

मी सहसा फक्त वाचतो, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. हा सगळा भाग १६९३ च्या भूकंपात गेला होता ना? मोदिकाला जायचा योग आला नाही, पण कामानिमित्त सिराकूसाला गेलो तेव्हा एक दिवस काढून नोतो पाहिलं. तिथे माहितीफलकावर ते साल वाचलं आणि पुढचं काही वाचवेना.

मी लातूर जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाट. मी सहावीत होतो. आमचं गाव किल्लारीपासून लांब, भिंतींना तडे गेले एवढंच. पण मामाचं गाव गेलं. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, झोपलेल्या माणसावर तेच आलं. नंतर गावं नव्या जागी बसवली. सरळ रस्ते, सारखी घरं, एका घरातून दुसऱ्या घरात हाक जाणार नाही इतकं अंतर. आजी नव्या गावाला शेवटपर्यंत 'कॉलनी' म्हणायची. जुन्या पारापाशी जाऊन बसायची, जिथे आता बाभळी आहेत.

म्हणून विचारतो. मोदिका जागेवरच परत बांधलं का?

पायपीट

तेरणाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मूळ धाग्यात भूकंपाचं एक वाक्यही आलं नाही याची आता लाज वाटते, कारण त्याशिवाय ते गाव कळतच नाही.

११ जानेवारी १६९३. (आपल्याकडे तेव्हा राजाराम महाराज जिंजीत होते, वेढा चालू होता.) सगळ्या आग्नेय सिसिलीत मिळून साठ हजारांच्या आसपास माणसं गेली असं मानतात. कतानियाची दोन तृतीयांश वस्ती संपली. आज आपण 'बरोक' (नक्षीदार, भपकेबाज बांधणीची शैली) म्हणून जे बघायला जातो, ते सगळं त्यानंतरचं बांधकाम. त्यातल्या आठ गावांना २००२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलं. नोतो, रागूझा, मोदिका, शिक्ली, कतानिया, काल्ताजिरोने, मिलितेल्लो, पालात्सोलो आक्रेइदे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर गावागणिक वेगळं आहे. नोतो तुम्ही पाहिलंतच, ते उठवून काही किलोमीटरवर नव्याने आखलं. त्यावरून गावात फार वाद झाला, पुष्कळांना हलायचं नव्हतं. जुनं नोतो डोंगरावर ओसाड आहे, रान माजलंय. रागूझाचे दोन तुकडे झाले. काही जण शेजारच्या उंच पठारावर सरळ रस्त्यांचं नवं गाव करून गेले, काही हट्टाने जुन्या जागीच राहिले. ते जुनं म्हणजे आजचं ईब्ला, आणि आता सगळे पर्यटक तिकडेच जातात. मोदिका मुख्यतः जागेवरच राहिलं. तेच वाकडे बोळ, त्याच दरीत, त्याच गुहांना टेकून. फक्त दर्शनी भिंती नव्या.

आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या की लहानपणी त्यांना भूकंपाची गोष्ट काल घडल्यासारखी सांगत. तीनशे वर्षांपूर्वीची.

तेरणाकाठ

धन्यवाद. आजीला सांगायला हवं होतं की काही लोक हट्टाने राहिलेही.

मधुमालती

🙏 दोघांनाही.

याला जोडून एक. साल्वातोरे क्वासिमोदो हा कवी मोदिकाचा. जन्म १९०१, नोबेल १९५९. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. १९०८ मध्ये मेस्सीनाला भूकंप झाला, त्यानंतर वडिलांची बदली तिथे झाली आणि कुटुंब रेल्वेच्या डब्यात राहिलं. म्हणजे भूकंपाने पाठ सोडलीच नाही. पायपीट, त्याचं घर पाहिलंत का?

पायपीट

बाहेरून. किल्ल्याच्या कड्यावर एक मनोरा आहे, घड्याळाचा, तो गावात कुठूनही दिसतो, त्याच्या खालच्या अंगाला ते घर. आम्ही गेलो ती वेळ अर्थातच दुपारी दोनची होती. शटर.

उगाच_एक

सगळे कौतुक करताहेत तर विरजण घालतो. चार दिवस अति होतात. आम्ही सिराकूसाहून सकाळच्या गाडीने गेलो, संध्याकाळी परत. चर्च बघितली, छान आहेत, पण तिसऱ्या चर्चनंतर मला सगळी एकच वाटू लागली. आणि ते चॉकलेट? सॉरी, पण गुळपापडीत खडे लागावेत तसं. शिवाय प्रत्येक दुकानात चाखायला तुकडे ठेवलेले, लिंबाचं, मिठाचं, पिस्त्याचं, कॅरोबचं, माणसाने किती चाखायचं? मला तर ही सगळी 'अझटेक' (मेक्सिकोचे जुने लोक) जाहिरातबाजी वाटते.

पायपीट

चर्चच्या बाबतीत सहमत, मीही तिसऱ्यानंतर फक्त सावलीसाठी आत जात होते. जाहिरातबाजी आहेच. वीस दुकानांतली पंधरा पर्यटकांसाठी आहेत हे डोळ्यांना दिसतं. पण चॉकलेट नुसतं चावून खाऊ नका हो. घरमालकीणबाईंनी पाण्यात उकळून दिलं होतं. दुधात नाही, पाण्यात. दाट, दालचिनीचा वास आणि तळाशी साखर. मूळ ते प्यायचंच होतं, वडी ही सोय.

आणि चार दिवसांचं म्हणाल तर गाव सकाळी नऊच्या आत आणि रात्री आठनंतर असतं. तुमची गाडी या दोन्हींच्या मधे आली आणि गेली. वरच्या गावात पित्सो नावाचा कठडा आहे, तिथून रात्री दरीच्या दोन्ही उतारांवरचे दिवे दिसतात. तिकडे नाताळात येशूजन्माचा देखावा मांडतात ना, अगदी तसं. खालून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. त्यासाठी मुक्काम लागतो.

उगाच_एक

पाण्यात उकळायचा मुद्दा मान्य. दोन वड्या अजून कपाटात पडल्या आहेत, करून बघतो.

गाडीवान

गाडीने जाणाऱ्यांना सूचना. जुन्या गावभागात बरेच ठिकाणी 'झेड टी एल' असतं, म्हणजे ठरावीक वेळेत स्थानिकांव्यतिरिक्त गाड्यांना बंदी. पांढरी गोल पाटी, लाल कडा, शेजारी कॅमेरा. आम्ही (मोदिकात नव्हे, दुसऱ्या एका गावात) नकाशा सांगेल तसं आत गेलो, चूक कळून बाहेर आलो, परत वळलो तर पुन्हा त्याच पाटीखालून. सात महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर दोन दंडाच्या नोटिसा आल्या, चार मिनिटांच्या फरकाच्या. वर भाड्याच्या गाडीवाल्यांनी 'पत्ता कळवल्याबद्दल' वेगळे पैसे कापले. गाडी खाली लावा, चालत वर जा. आणि आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या.

बस-रेल्वेवर असाल तर रविवार टाळा, गाड्या फार तुरळक असतात.

भातुकली

मोदिकाला जायचंच तर ईस्टरला जा, असं मी म्हणेन. मी एकदाच पाहिलंय, पण विसरणार नाही. 'वासा वासा' म्हणतात, सिसिलियन बोलीत 'वासा' म्हणजे पापा घेते. मारियेची मूर्ती काळा झगा घालून सकाळपासून गावभर फिरते, मुलाला शोधत. खांद्यावर घेणारे तिला खरंच इकडे-तिकडे वळवत नेतात, या गल्लीत डोकावली, त्या गल्लीत डोकावली. दुसऱ्या वाटेने ख्रिस्ताची मूर्ती येते. भर बारा वाजता दोन्ही समोरासमोर आल्या की काळा झगा एकदम गळून पडतो, आतून निळा निघतो, कबुतरं उडतात. आणि मूर्ती पुढे झुकून मुलाचा पापा घेते. तिचे हात हलतात, कळसूत्री आहेत. माझ्या शेजारी एक सुटाबुटातला धिप्पाड माणूस हुंदके देत होता. मी मराठी बाई, वारीत माउलींचा रिंगण सोहळा पाहिलेली, मलाही आवरलं नाही.

राहण्याची जागा मात्र कैक महिने आधी धरावी लागते.

खादाडखाऊ

सप्टेंबरची तिकिटं काढली! तीन रात्री मोदिका. बाबांचे गुडघे बेताचेच आहेत, त्या अडीचशे पायऱ्यांचं काय करू?

पायपीट

अभिनंदन! पायऱ्या चढायच्याच नाहीत. चर्चच्या दारापाशी वरच्या अंगाने गाडीरस्ता येतो. टॅक्सीने किंवा गावच्या छोट्या बसने वर जा, चर्च बघा, मग पायऱ्या उतरत, दर टप्प्यावर बसत खाली या. मधल्या बागेत लिंबाची झाडं आहेत. आईने उतरायला सव्वा तास घेतला आणि वाटेत तीन बायकांशी बोलली. खाली पोचलात की उजव्या हाताला चालत सुटा, स्काच्चाचा वास येईल. राहायची जागा शक्यतो खालच्या रस्त्यावरच घ्या, गुहेतली खोली बाबांना नको.

अंबाडी

पायपीट, तू पाठवलेली दालचिनीची वडी काल सासूबाईंनी कचऱ्यात टाकली. वर पांढरी बुरशी आलीय म्हणाल्या. बुरशी नसते ना ती?

पायपीट

अगं नाही!! उष्णतेने कोकोचं लोणी वर येतं, त्याचा पांढुरका थर असतो तो. कचरेवाला आला का?

अंबाडी

सकाळी सातलाच.